तास ४८ मिनिटांचा, क्रेडिट ६० मिनिटांचं

बदलापूरच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी मुंबईतल्या एका कॉलेजात एफवाय बीएस्सीला आहे. तिच्या वेळापत्रकात फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला आठवड्याचे चार तास जातात, त्याला क्रेडिट २. भारतीय ज्ञानप्रणालीच्या पेपरला आठवड्याचे दोनच तास, त्यालाही क्रेडिट २. "हा कुठला हिशेब? हे आकडे नक्की ठरवतं कोण? आणि एमएस्सीला जर्मनीत जायचं म्हणते, तिथे हे क्रेडिट चालतात का?" असं त्यांनी एका दमात विचारलंय.

मी २६ वर्षं मुंबईत भौतिकशास्त्र शिकवतोय आणि त्यातली बरीच अभ्यासक्रम तयार करणाऱ्या कुठल्या ना कुठल्या अभ्यास मंडळावर काढली आहेत. त्यामुळे नियमात काय आहे ते सांगतो आणि बैठकीत काय होतं तेही.

आधी चार तास आणि दोन तासांचं. क्रेडिट, म्हणजे सरकारी मराठीत श्रेयांक, हे विषयाच्या महत्त्वाचं माप नाही आणि अवघडपणाचंही नाही. ते वेळेचं माप आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम असा, की आठवड्याला एक तास व्याख्यान आणि असे १५ आठवडे, म्हणजे १५ तास शिकवलं की १ क्रेडिट. प्रॅक्टिकलला मात्र आठवड्याला दोन तास, म्हणजे ३० तास झाले की १ क्रेडिट. क्षेत्रभेट, प्रकल्प, इंटर्नशिप यांनाही हाच ३० तासांचा भाव. तुमच्या मुलीचं २ क्रेडिटचं प्रॅक्टिकल सत्राला ६० तासांचं आहे आणि २ क्रेडिटचा पेपर ३० तासांचा. कागदावर दोन्ही बरोबर.

यामागचा तर्क २०२३च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात मिळतो. तिथे १ क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याने शिकण्यासाठी घातलेले एकूण ३० तास, मग ते वर्गात असोत वा घरी. व्याख्यानाचे १५ तास वर्गात झाले, की उरलेले १५ विद्यार्थ्याने वाचनात, गणितं सोडवण्यात, टिपणं काढण्यात घालवायचे. प्रॅक्टिकलचे तीसच्या तीस तास प्रयोगशाळेतच जातात, घरी काही उरत नाही, म्हणून दुप्पट वेळेला एकच क्रेडिट. घरी काही उरत नाही असं ज्याने गृहीत धरलं, त्याने आयुष्यात जर्नल लिहिलेलं नसावं. प्रयोग, निरीक्षणं, आलेख, आकडेमोड, निष्कर्ष, मग सही मिळवण्यासाठी सरांच्या मागे फिरणं. तुमची मुलगी चिडली असेल तर तिचं चुकलेलं नाही. नियम तर्काला धरून आहे, पण त्याने जर्नल मोजलेलं नाही.

याच मापाने तिचा पूर्ण आठवडा काढून बघा. सत्राला २२ क्रेडिट, प्रत्येकी ३० तास, म्हणजे ६६० तास. १५ आठवड्यांत वाटले की आठवड्याला ४४. एखाद्या नोकरीएवढे. त्यात घरापासून कॉलेजपर्यंत जाऊन-येऊन दिवसाचे तीन तास धरले तर सहा दिवसांचे १८ झाले. त्यांना क्रेडिट नाही. आमच्या मुलांनी सेल्फ स्टडीचा बराचसा भाग लेडीज डब्यातल्या चौथ्या सीटवर आणि दरवाजातल्या दांडीला धरून केलेला असतो, हे दिल्लीच्या आराखड्यात कुठून येणार!

आता ठरवतं कोण. लोकांना वाटतं, विषयतज्ज्ञ बसतात, विषय किती मोठा आहे ते बघतात आणि त्याप्रमाणे क्रेडिट देतात. प्रत्यक्षात उलटं आहे. क्रेडिट आधी ठरतात, विषय नंतर त्यात बसवला जातो. मोठी चौकट आयोगाची. डिसेंबर २०२२मध्ये त्यांनी पदवीसाठी आराखडा दिला, तीन वर्षांना किमान १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०. त्याच्या आत महाराष्ट्र शासनाचा २० एप्रिल २०२३चा निर्णय आला. त्याने सत्राला २० ते २२ ही मर्यादा घातली आणि कुठल्या प्रकारच्या विषयाला किती, हेही सांगून टाकलं. मुंबई विद्यापीठाने २२ धरले. वर्षाचे ४४, तीन वर्षांचे १३२, चौथ्या वर्षासह १७६.

पहिल्या सत्राच्या २२ची वाटणी अशी. मुख्य विषयाला ६. दुसऱ्या विद्याशाखेतून घ्यायच्या खुल्या विषयांना २ अधिक २. मुख्य विषयाशी जोडलेल्या व्यावसायिक कौशल्याला २ आणि सर्वसाधारण कौशल्याला २. भाषेला २, मूल्यशिक्षणाला २, भारतीय ज्ञानप्रणालीला २. राहिले २, ते एनएसएस, खेळ, सांस्कृतिक वगैरे सहशालेय उपक्रमांना. बीएस्सी फिजिक्सला प्रवेश घेतलेल्या मुलीच्या पहिल्या सत्रात फिजिक्स ६, तेही बहुधा ४ थिअरीचे आणि २ प्रॅक्टिकलचे. बाकीचे १६ इतर. पुढच्या सत्रांत मुख्य विषयाचा वाटा वाढत जातो, एकूण पदवीत तो निम्म्याच्या आसपास असावा अशी अपेक्षा आहे. पण पहिल्या वर्षी पालक चक्रावतात, आणि स्टाफरूममध्ये आम्हीही कमी चक्रावलो नव्हतो.

एवढं सगळं वरून ठरून आल्यावर अभ्यास मंडळाच्या हातात उरतं ते पेपरमध्ये काय घालायचं आणि थिअरी-प्रॅक्टिकलची फोड कशी करायची. मंडळाने केलेला अभ्यासक्रम विद्याशाखेकडे जातो, तिथून विद्या परिषदेकडे, आणि तिने मान्यता दिली की लागू होतो. स्वायत्त कॉलेजांना त्यांचं स्वतःचं अभ्यास मंडळ असतं, तिथे हात थोडा मोकळा, पण चौकट तीच.

एक उदाहरण देतो. व्यावसायिक कौशल्याचा पेपर करायचा होता, घरगुती विजेची जोडणी आणि उपकरणांची दुरुस्ती. क्रेडिट २. आम्ही चौघांनी विषयांची यादी केली: सिंगल फेज-थ्री फेज, वायरची जाडी आणि भार, एमसीबी, अर्थिंग, मल्टिमीटर, पंखा, मिक्सर, इस्त्री, इन्व्हर्टर, सौर पॅनेल, विजेचं बिल कसं वाचायचं. कोणी प्रॅक्टिकल म्हणालं, कोणी थिअरी. दोन्ही क्रेडिट थिअरीचे केले तर ३० तास, दोन्ही प्रॅक्टिकलचे केले तर ६०, एक-एक केलं तर ४५. शेवटी १ अधिक १ ठरलं. आठवड्याला एक तास वर्ग आणि दोन तास प्रयोगशाळा. १५ तासांच्या थिअरीत अर्थिंगला दोन तास देणं भाग होतं, कारण त्याशिवाय बाकी शिकवणं धोक्याचं. मग इन्व्हर्टर गेला, थ्री फेज गेलं, सौर पॅनेल गेलं. सौर पॅनेल गेल्याचं मला अजून वाईट वाटतं. विषय तेवढ्यात संपत नव्हता, क्रेडिट संपले.

मुंबईकराला हे जागेच्या भाषेत लगेच कळेल. खोलीचं क्षेत्रफळ बिल्डरने ठरवलेलं असतं, आपण फक्त कपाट कुठे आणि पलंग कुठे एवढं ठरवतो.

पण कपाटाच्या जागेवरून भांडणं होतातच, आणि ती नेहमी शिक्षणशास्त्रावरून होत नाहीत. एका स्वायत्त कॉलेजच्या अभ्यास मंडळावर मी बाहेरचा सदस्य होतो. चहा आणि बटाटेवडे येईपर्यंत सगळं विद्वत्तापूर्ण चाललं होतं. मग एका पेपरमधलं १ क्रेडिट थिअरीतून प्रॅक्टिकलकडे न्यावं का हा विषय निघाला आणि खोलीतली हवा बदलली. शिकण्याच्या दृष्टीने ते योग्यच होतं, सगळ्यांना मान्यही होतं. तरी अर्धा तास कोणी स्पष्ट बोलेना. कारण साधं होतं. थिअरी एक विभाग घ्यायचा आणि प्रॅक्टिकल दुसरा. थिअरीचं ते क्रेडिट गेलं असतं तर एका विभागाचा वर्कलोड कमी झाला असता, आणि दुसऱ्याचा वाढला असता. त्या कमी होणाऱ्या विभागात एक जण निवृत्तीला आला होता. वर्कलोड कमी दाखवला की त्याची जागा पुन्हा भरायला मंजुरी मिळणं अवघड. ठराव झाला तो "पुढील बैठकीत विचार करावा" असा. पुढच्या बैठकीत झालेला विचार मला ठाऊक आहे, कारण पेपर आजही तसाच आहे.

हे कोणाला क्षुद्र वाटेल. मला तसं वाटत नाही, कारण गणित समजलं की माणसं समजतात. आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवायचं, सहयोगी प्राध्यापक आणि प्राध्यापकांनी १४. समजा एखाद्या भाषा विभागाकडे आठवड्याला चार तासांचा सक्तीचा पेपर होता आणि चार तुकड्या होत्या. झाले १६, एक पूर्ण पद. तोच पेपर २ क्रेडिटचा झाला की ८ तास. अर्धं पद म्हणजे मंजुरीच्या भाषेत शून्य पद, आणि ते आठ तास घ्यायला घड्याळी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासागणिक मानधनावर, कोणीतरी येतं. नेटसेट, पीएचडी झालेला माणूस सकाळी विलेपार्ल्यात आणि दुपारी उल्हासनगरात तास घेताना मी पाहिलेला आहे. तुमच्या मुलीच्या मार्कशीटवर '२' छापलेलं असतं, त्याच्या मागे हेही असतं.

पोटापाण्याचा प्रश्न या मापाला जन्मापासूनच चिकटलेला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत चार्ल्स एलियट यांच्या हार्वर्डने विद्यार्थ्यांना विषय निवडायची मोकळीक दिली, आणि विषय निवडता यायला लागले की ते मोजावेही लागतात. पण मापाला खरी ताकद आली ती पेन्शनमुळे. १९०५मध्ये अँड्र्यू कार्नेगी यांनी कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या पेन्शनसाठी एक कोटी डॉलर दिले. पैसे वाटायचे तर आधी 'कॉलेज' कशाला म्हणायचं हे ठरवणं आलं. कार्नेगी प्रतिष्ठानने एक अट घातली: प्रवेशासाठी शाळेत १४ युनिट पूर्ण केलेले असावेत, आणि युनिट म्हणजे एका विषयाचे वर्षभरातले सुमारे १२० तास. ज्या संस्थेला आपल्या माणसांना पेन्शन मिळवून द्यायची होती, तिने निमूटपणे तास मोजायला सुरुवात केली. पुढे १९१०मध्ये याच प्रतिष्ठानसाठी मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याने कॉलेजांच्या कार्यक्षमतेवर अहवाल लिहिला आणि एका विद्यार्थ्याचा एक तास हे मोजमापाचं एकक म्हणून मांडलं. कारखान्यातली मोजणी वर्गात आली ती अशी. विद्यार्थी त्या तासात काय शिकला, हा प्रश्न त्या हिशेबात कुठेच नव्हता.

मुंबई विद्यापीठ १८५७चं, पण क्रेडिट इथे येऊन जेमतेम पंधरा वर्षं होतायत. २०११-१२पासून पदवीला क्रेडिट आणि सत्रपद्धत सुरू झाली, तेव्हा सत्राला २० आणि तीन वर्षांना १२०. त्या काळात टीवाय बीएस्सीच्या थिअरीच्या पेपरला अडीच क्रेडिट असायचे. अडीच का? चार पेपरचे १०, प्रॅक्टिकलचे ६, अप्लाइड कंपोनंटचे ४, बेरीज २०. बेरीज आधी ठरलेली, अडीच त्यातून आले. संलग्न कॉलेजांत नवा आराखडा २०२४-२५पासून आला, आता सगळे तुकडे २ आणि ४चे. २ क्रेडिटला ५० गुण, ४ला १००. निदान अपूर्णांक गेले.

आता शीर्षकातला मुद्दा. मराठीत 'तास' म्हणजे साठ मिनिटंही आणि लेक्चरही, आणि या एका शब्दात बरंच काही लपून जातं. मुंबईच्या अनेक कॉलेजांत लेक्चर वर्षानुवर्षं ४८ मिनिटांचं होतं. चार तासांत बरोब्बर पाच लेक्चर बसतात, आणि एकाच इमारतीत सकाळी एक कॉलेज आणि दुपारी दुसरं चालवायचं तर असा हिशेब सोयीचा. पण १५ तास म्हणजे ९०० मिनिटं, आणि ४८ मिनिटांची १५ लेक्चर म्हणजे ७२०. प्रत्येक क्रेडिटमागे तीन तास गायब. नियमाप्रमाणे ९०० भरायची तर जवळजवळ १९ लेक्चर घ्यायला हवीत. क्रेडिट बिल्ट-अपचं सांगायचं आणि हातात कार्पेट द्यायचं, असा हा प्रकार. नव्या अभ्यासक्रमांत तास साठ मिनिटांचा लिहिलेला असतो. तुमच्या मुलीच्या वेळापत्रकावर तो किती मिनिटांचा आहे, ते तुम्हीच बघा.

शिवाय १५ आठवडे तरी कुठे मिळतात? प्रवेशफेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र उशिरा सुरू होतं. मग रेड अलर्टचे दोन-चार दिवस, मध्य रेल्वे कुर्ल्याला थांबली की आणखी एक, गणपती, शिक्षकांची निवडणूक ड्युटी, आणि अंतर्गत परीक्षा. सत्राला ९० दिवस शिकवायचं हा नियम आहे, आणि तो पाळला असं प्रमाणपत्र दरवर्षी दिलं जातं. याहून जास्त इथे लिहीत नाही, मला अजून नोकरी करायची आहे.

क्रेडिटचा विद्यार्थ्याला सगळ्यात थेट फटका बसतो तो सरासरीत. प्रत्येक पेपरच्या ग्रेड पॉइंटला (तो दहापैकी असतो) त्याच्या क्रेडिटने गुणायचं, सगळ्यांची बेरीज करायची आणि एकूण क्रेडिटने भागायचं. दोन मुली घ्या. पहिलीला फिजिक्सच्या ६ क्रेडिटमध्ये ग्रेड पॉइंट १०, बाकी १६ मध्ये सरासरी ७. बेरीज ६० अधिक ११२, म्हणजे १७२, भागिले २२, आले ७.८२. दुसरीला फिजिक्समध्ये ६ आणि बाकी सगळ्यात ९. ३६ अधिक १४४, म्हणजे १८०, भागिले २२, आले ८.१८. फिजिक्समध्ये वर्गात पहिली असलेली मुलगी निकालात मागे. म्हणून पहिल्या वर्षीचा आकडा बघून मुलीला बोलू नका, आणि तिला सांगा की खेळाच्या आणि मूल्यशिक्षणाच्या २-२ क्रेडिटकडे दुर्लक्ष करणं परवडत नाही. मी स्वतः वर्गात पूर्वी म्हणायचो की ते विषय काय, होऊन जातात. आता म्हणत नाही.

राहिलं जर्मनी. क्रेडिट हे चलन आहे आणि प्रत्येकाचं वेगळं. लांब कशाला, पवईला आयआयटीत आठवड्याला तीन तासांच्या नेहमीच्या कोर्सला ६ क्रेडिट मिळतात, कालिन्याच्या, म्हणजे मुंबई विद्यापीठाच्या हिशेबाने ते ३ झाले असते. युरोपात वर्षाला ६० क्रेडिट, आणि एका क्रेडिटचे २५ ते ३० तास. जर्मनी साधारण ३० धरते, म्हणजे वर्षाला १८०० तास. आपले वर्षाला ४४ गुणिले ३०, म्हणजे १३२०. त्यामुळे आपलं एक क्रेडिट बरोबर त्यांचं एक, असं कोणी धरत नाही, आणि तासाला तास असंही सहसा करत नाहीत. माझ्या विद्यार्थ्यांच्या अनुभवावरून सांगायचं तर बहुतेक ठिकाणी वर्षाला वर्ष लावतात: तीन वर्षांची पूर्ण पदवी म्हणजे १८०, त्या प्रमाणात प्रत्येक पेपर. शेवटचा शब्द त्या त्या विद्यापीठाचा. भारतातून जाणाऱ्यांना आधी एपीएसचं, म्हणजे शैक्षणिक कागदपत्रं तपासणाऱ्या जर्मन कार्यालयाचं प्रमाणपत्र काढावं लागतं, त्याला वेळ हाताशी ठेवा.

खरी अडचण एकूण आकड्याची नाही. तिथले एमएस्सीचे अनेक अभ्यासक्रम अमुक इतके क्रेडिट फिजिक्सचे आणि अमुक इतके गणिताचे हवेत अशी अट घालतात. आपल्याकडे १३२पैकी निम्मे इतरत्र गेलेले असतात, आणि खुला विषय दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावा लागत असल्याने तिथे गणित घेता येत नाही. म्हणून दुय्यम विषय, ज्याला मायनर म्हणतात, तो गणितच घ्यायला सांगा. हा निर्णय पहिल्याच वर्षी होतो आणि बहुतेक मुलं मैत्रिणी काय घेतात ते बघून घेतात. व्यावसायिक कौशल्याचे पेपर मुख्य विषयाशी जोडलेले असतात, तेही जपून निवडले तर फिजिक्सच्या खात्यात दाखवता येतात. आणखी हवे असतील तर 'स्वयम्' या सरकारी ऑनलाइन मंचावरचे कोर्स आहेत, १२ आठवड्यांच्या कोर्सला साधारण ३ क्रेडिट. पण आपलं कॉलेज ते कुठल्या पेपरच्या जागी धरतं हे नाव नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या, नंतर विचारलं की फाइल फिरते.

मिळालेले क्रेडिट तिच्या अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या, म्हणजे क्रेडिट साठवायच्या सरकारी ऑनलाइन खात्यात जमा झालेत का, हे दर निकालानंतर तपासा. खात्यातलं नाव आणि मार्कशीटवरचं नाव यांत वडिलांचं नाव पुढे-मागे झालं की नोंद अडकते. आणि तिच्या वर्षाला लागू असलेला पूर्ण अभ्यासक्रम, प्रत्येक पेपरच्या तासांसकट, आत्ताच उतरवून ठेवा. तीन वर्षांनी संकेतस्थळावर नवा चढलेला असतो, आणि परदेशी विद्यापीठाला २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची गोष्ट ऐकायची नसते. त्यांना ६० तास प्रयोगशाळेचे कुठे लिहिलेत तेवढं बघायचं असतं. ते चार तास, ज्यांवरून तुम्ही मला पत्र लिहिलंत, तिथे उपयोगी पडतील. जर्नलंही टाकू नका.